सरळरूप द्या

माझ्याकडे तीन पुठ्ठे होते:
पाच मिनिटं. एक मिनिट. थांबा.
थांबाचा शेवटचा काना जरा लांबला होता,
मुलीने घरी स्केचपेनने रंगवला होता तो.

बेलापूर, सेक्टर अकरा, दुसरा मजला,
श्रीखंड-पुरीनंतरचं सत्र.
पहिल्या रांगेत दोन माजी विभागप्रमुख
एकाच लयीत डुलत होते,
एसीचं पाणी बादलीत टपकत होतं
आणि पुण्याचे एक गृहस्थ सांगत होते
की खऱ्या फलनाला आठवण नसते.
तेच द्या, तेच मिळेल,
पहाटे द्या, मध्यरात्री द्या,
कालचं काही ते मनात धरत नाही.
मी म्हटलं, असा एक तरी कारकून
आमच्या परीक्षा विभागाला मिळो.

मग त्यांनी अनंत यादी दाखवली.
सगळे पूर्णांक इथे आहेत, म्हणाले,
फक्त मागितल्याशिवाय कुणी मोजत नाही.
हातचं राखून चालणारं गणित.
मी थांबा वर केला तेव्हा
ते सातव्यावर होते.

नंतर कुंदा घरत.
निळी साडी, पायात स्पोर्ट्स शूज,
माईक नको म्हणाली.
फळ्यावर एक बाण काढला:
डावीकडचं पुसा, उजवीकडचं लिहा,
बाण उलटा वाचायचा नाही.
आणि उघडलेला कंस मिटलाच पाहिजे,
नाहीतर मामासारखा मानगुटीवर बसतो.
चार जण हसले. त्यातले दोन उशिरा.

मागून एका मुलाने विचारलं,
एकाच पदावलीला दोन नियम लागू पडत असतील,
मी हा लावला, त्याने तो,
तर उत्तरं वेगळी नाही का येणार?

खिडकीतून पारसिकचा डोंगर दिसत होता,
तोडलेली बाजू आपल्याकडे.
कुंदाने खडू दोन बोटांत फिरवला.
उदाहरण देते, म्हणाली.
समजा, एक खाजण आहे.
माझ्या आजाचं. त्याला मुलगे दोन.
बाबांनी पहिला नियम लावला:
खाजण बाण सही, सही बाण चेक,
चेक बाण बुलेट,
बुलेट बाण आईच्या पाटल्या,
मग साडेबारा टक्के, प्लॉट, बिल्डर, फ्लॅट.
काकांनी दुसरा. सही नाहीच.
खाजण बाण मोर्चा, मोर्चा बाण वकील,
वकील बाण तारीख,
तारीख बाण तारीख,
तारीख बाण तारीख.
इथे वाटतं, हे काही थांबणार नाही.
थांबतं. सव्वीस वर्षं धरा.
साडेबारा टक्के, प्लॉट, बिल्डर, फ्लॅट.
बिल्डर तोच. सोसायटी तीच.
बाबा तिसऱ्या मजल्यावर, काका पाचव्या.
तेव्हा, नाही, उत्तर वेगळं येत नाही.
फुटलेल्या वाटा पुढे मिळतातच,
या गुणधर्माला आम्ही संगम म्हणतो.

तिने संगमाची व्याख्या लिहिली.
कंस मोजून मिटवले.

एक मिनिट केव्हाच उलटून गेलं होतं.
थांबा माझ्या मांडीवर पालथा.

मुलगा अजून उभाच. म्हणजे मॅडम,
ते दोघं आता समान?
समान लिहिता येतं, ती म्हणाली.
लिफ्टमध्ये एकमेकांकडे बघत नाहीत,
पण तो बाजूचा परिणाम झाला,
आणि आपली भाषा शुद्ध आहे,
तिच्यात तो धरत नाहीत.
एक माजी विभागप्रमुख जागे होऊन
टाळ्या वाजवू लागले,
मग आम्ही सगळ्यांनीच.

अहवालात रकाना होता: सत्र वेळेत संपलं का.
मी लिहिलं, हो.

चहाच्या टेबलाशी प्रवासखर्चाचे फॉर्म.
वाहन: पाय. अंतर: अर्धा किलोमीटर.
कुठून, याच्यापुढे तिने गावाचं नाव लिहिलं.
कारकून म्हणाला, मॅडम, गाव नको,
सेक्टर टाका, सिस्टिम घेत नाही.
तिने कप खाली ठेवला,
गावाच्या नावापुढे एक छोटा बाण काढला
आणि आकडा लिहिला.